जगदाळ्यांचा कोंबडा

मी गाव सोडलं तो दिवस जत्रेचा होता. नवऱ्याची इंदूरच्या मिलमधली रजा संपत आली होती, म्हणून लग्नाची मेंदी हातावर असतानाच निघावं लागलं. एसटीच्या थांब्यावर माझी पत्र्याची पेटी होती, अम्मा होती, नाक ओढत उभा असलेला धाकटा भाऊ होता, आणि देवीच्या देवळाकडून ढोलाचा आवाज येत होता. अब्बा नव्हते. जत्रेच्या दिवशी गावचा मुलाणी घरच्यांना कसा सापडणार?

शहरात वाढलेल्यांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमच्या साताऱ्याकडच्या गावांत मुलाणी हा गावाचा माणूस. जत्रेला घरोघरचे बकरे देवळापुढून फिरवून आणायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, ते मराठ्यांचं काम. मग बकरा ओढ्याच्या कडेला आणून मुलाण्याच्या हवाली करायचा. अब्बा त्याचं तोंड पश्चिमेला करत, अल्लाचं नाव घेत आणि सुरी चालवत. त्यांनी न कापलेलं मटण पाटलांच्या चुलीवर चढत नसे. देवी त्यांची, नाव आमच्या अल्लाचं, आणि जेवायला सगळा गाव. आम्हाला मटणाचा वाटा मिळे, सुगीला धान्य मिळे. हे कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. मी जन्मले तेव्हा असंच होतं.

एसटी आली आणि अब्बा ओढ्याकडून चालत आले. हात धुतलेले होते, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या, मनगटाला वास होता. त्यांनी कापडात गुंडाळलेली एक लहान सुरी माझ्या पेटीत ठेवली. आमच्या घरात बायकांनाही हे काम येत होतं. पुरुष रानात असले की गावातल्या बाया कोंबडी घेऊन अम्माकडे यायच्या, आणि अम्मानं ते मला शिकवलं होतं. अब्बा म्हणाले, "सुरी अल्लाच्या नावाची, पोरी. खाणाऱ्याचं नाव इचारायचं नाय." एवढं बोलले आणि परत कामाला गेले. एसटी सुटली तेव्हा त्यांची पाठ मला दिसत होती.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. घरात आम्ही मुसलमानी हिंदी बोलायचो, दाराबाहेर मराठी. इंदूरला आले तेव्हा वाटलं, हिंदी येते, निभेल. पण परदेशीपुऱ्याच्या आमच्या गल्लीतली हिंदी ऐकून मी महिनाभर तोंड उघडलं नाही. भाजीवाल्यालाही "भिया", म्हणजे भाऊ, आणि पोलिसालाही "भिया". मिलचा भोंगा झाला की नवरा जायचा, भोंगा झाला की यायचा. मधल्या वेळात मी भिंतीला पाठ लावून बसायची.

एके दिवशी त्याच भिंतीतून मराठी ऐकू आली. एक बाई दूधवाल्याला झापत होती, "दुधात पाणी घालतो का पाण्यात दूध, ते तरी खरं बोल ना भिया." मी तशीच उठून बाहेर गेले. त्या जगदाळे वहिनी. त्यांच्या सासरचे लोक कधीकाळी होळकरांच्या फौजेबरोबर इकडे आले, पुढे दरबारात नोकरीला लागले आणि इथलेच झाले. वहिनींनी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. पण घरात देव मराठी, शिव्या मराठी, आणि बाकी निम्मं हिंदी. माझं बोलणं ऐकून त्या हसायच्या. "हलिमा, तुझी मराठी तर एकदम असली आहे, आमची मिलावटी." मी म्हणायची, तुमच्या दुधासारखी. अशी आमची ओळख वाढली.

त्या वर्षी दसऱ्याला त्यांच्या सासऱ्यांना कळलं की आम्ही मुलाणी. म्हातारे खाटेवरून उठून उभे राहिले. फौजेबरोबर आमचा मुलाणी असायचा असं आजोबा सांगायचे, ते म्हणाले, इतक्या पिढ्यांनी तो परत आला. त्यांनी माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. बकऱ्याचं हळदकुंकू त्यांच्या अंगणात झालं, सुरी आमच्या मागच्या दाराशी चालली, आणि संध्याकाळी वहिनी झाकलेली थाळी घेऊन आल्या. तेव्हापासून दर दसऱ्याला हेच. नवऱ्याची मिलमध्ये पाळी असली तर मी करायची. पुढे त्यांचे दीर वेगळे झाले, खाणारी तोंडं कमी झाली, बकऱ्याच्या जागी कोंबडा आला. थाळी मात्र आली.

सगळं गोडच होतं असं लिहिणार नाही. एकदा शहरात दंगा होऊन कर्फ्यू लागला. आमच्या दारावर दगड आले, आणि मारणारी पोरं गल्लीतलीच होती. त्या वेळी वहिनींचे सासरे आपली खाट उचलून आमच्या दारात टाकून बसले आणि एकटेच पत्ते खेळत राहिले. कोणी जवळ आलं की विचारायचे, "काय भिया, डाव टाकतो?" कर्फ्यू उठेपर्यंत ते हलले नाहीत. माझा इरफान तेव्हा लहान होता. वहिनींच्या स्वयंपाकघरात पोहे खात बसलेला होता. त्यांना तो "मावशी" म्हणायचा.

मिल बंद पडली. नवरा पोलोग्राउंडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला, त्यानंच इरफानला काम शिकवलं. मुलगा हुशार निघाला. लग्न झाल्यावर त्यानं नव्या कॉलनीत भाड्यानं घर पाहिलं, आणि नाव सांगितल्यावर मालकानं घर दिलं नाही. दुसऱ्यानंही दिलं नाही. तिसरा म्हणाला, तुम्ही तर चांगले दिसता, पण सोसायटीवाले ऐकत नाहीत. हे मी झाकणार नाही. पोरगा त्या दिवशी जेवला नाही, आणि मी काय बोलावं ते मला सुचलं नाही. सुचायला हवं होतं. कारण त्यानंतर ज्यांना सुचलं ते दुसरेच होते.

कोणी बाहेरून आलेले उस्ताद होते. एका गोदामाच्या माडीवर त्यांचा क्लास भरायचा, बाकी सगळं मोबाइलवर. इरफाननं दाढी राखली, मला काही वाटलं नाही. पाच वक्ताची नमाज धरली, मला आनंद झाला, त्याचा बाप सांगून थकला होता. मग तो गल्लीतल्या मशिदीत जायचा बंद झाला. तिथल्या इमामामागे नमाज होत नाही म्हणाला. मग दर्ग्यात जाणारे मुसलमानच नाहीत म्हणाला. मग गल्लीतले कोण कोण मुसलमान नाहीत ते जेवताना सांगायला लागला. मी म्हटलं, एवढे सगळे गेले तर उरलं कोण? त्याची बायको ताटाकडे बघत राहिली.

नवरा वारला त्याला दोन पावसाळे झाले होते. मागच्या दसऱ्याची गोष्ट. सकाळपासून मी मागच्या दाराशी दगडावर सुरी घासत होते. पुढच्या खोलीत इरफान आणि त्याचे दोन सोबती बसले होते. वहिनी नेहमीसारख्या पुढच्या दारानं आल्या. गुडघे धरलेले, काखेत कोंबडा, त्याच्या डोक्यावर कुंकू. मला फक्त आवाज आला. इरफान त्यांच्याशी आयुष्यभर मराठी बोलला. त्या दिवशी हिंदीत बोलला.

"आंटी, ये शिर्क का काम है. अब्बा करते थे, उनका हिसाब उनके साथ. इस घर में अब नहीं होगा. और अपनी थाली भी मत भेजा करो, हमारे लिए नापाक है."

शिर्क म्हणजे अल्लाच्या बरोबरीनं दुसऱ्याला बसवणं. आमच्यात याहून मोठं पाप नाही. नापाक म्हणजे काय ते सांगायला नको. वहिनींनाही सांगावं लागलं नाही.

त्या म्हणाल्या, "अच्छा बेटा."

मी पुढे आले तेव्हा त्या वळल्या होत्या. पायरी उतरताना त्या भिंतीला हात धरतात, पण एका हातात कोंबडा होता, म्हणून त्या थांबत थांबत उतरल्या. कोणी उठलं नाही. सोबत्यांपैकी एकानं माझ्या हातात सुरी पाहिली आणि हसून म्हणाला, "अम्माजी, छुरी किसके लिए?" दुसराही हसला. मी दोघांना उठायला सांगितलं. ते इरफानकडे बघायला लागले. मी म्हटलं, त्याच्याकडे काय बघता, घर माझ्या नवऱ्याच्या नावावर आहे. ते गेले.

मग मी इरफानला म्हटलं, जा आणि मावशीची माफी माग. तो शांत होता. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो मला समजावून सांगायला लागला, लहान मुलाला सांगतात तसं. नाना मुश्रिक होते, शिर्क करणारे, म्हणाला. नाना म्हणजे माझे अब्बा. देवीच्या बकऱ्यावर सुरी चालवून त्यांनी आयुष्यभर हराम खाल्लं. बापही त्याच वाटेनं गेला. जो शिर्कमध्ये मेला त्याच्यासाठी माफीची दुआ मागता येत नाही. म्हणून तो बापाच्या कबरीवर जात नव्हता. मला वाटत होतं, वर्कशॉपमधून वेळ मिळत नसेल.

मी शेवटी विचारलं, आणि मी?

तो म्हणाला, "तौबा कर, अम्मा. नाहीतर तुझ्या जनाज्याला मला उभं राहता येणार नाही."

मी म्हटलं, नको राहूस. खांदा द्यायला जगदाळ्यांकडची माणसं येतील. बोलून गेले खरी. पण नऊ महिने पोटात वाढवलेल्यानं आपल्या मयताबद्दल असं बोललं की काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या मशिदीच्या मौलानासाहेबांकडे गेले. माझी समजूत होती की ते माझी बाजू घेतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि सरळ सांगितलं की देवीला वाहिलेल्या जनावराचं ते स्वतः खाणार नाहीत, आणि मी विचारलं असतं तर मलाही खाऊ नका म्हणाले असते. मला चपराक बसल्यासारखं झालं. मी म्हटलं, मग माझे अब्बा? ते म्हणाले, त्यांनी सुरीवर कुणाचं नाव घेतलं? मी म्हटलं, अल्लाचं. मग पुढचं अल्ला जाणे, ते म्हणाले, माझं सगळं आयुष्य किताबात गेलं तरी मेलेल्या माणसाचा निवाडा माझ्या हातात आलेला नाही, तो तुमच्या मुलाच्या हातात कोणी दिला?

मग ते म्हणाले, "नाही म्हणायचं होतं तर म्हणावं. पण शेजारणीला आधी बसवावं, पाणी द्यावं, मग नाही म्हणावं. शेजाऱ्याचा हक कोणत्या किताबात लिहिलेला नाही?"

थोड्या वेळानं मान खाली घालून त्यांनी आणखी एक सांगितलं. ही पोरं आपल्याला सरकारी मौलवी म्हणून हिणवतात, म्हणून ती मशिदीत यायची बंद झाली तेव्हा आपण गप्प बसलो, घरी जाऊन बोलायला हवं होतं. शरम मलाही आहे, म्हणाले.

परत येताना मी विचार करत होते. मला वाटायचं की माझ्या अब्बांसारखे ते नरम, आणि नियमाला धरून असणारे ते कडक, आणि कडक तेवढे वाईट. तसं नाही. मौलानासाहेब इरफानपेक्षा कडक आहेत. उपवास, नमाज, खाणं, सगळ्यात. पण तो कडकपणा ते स्वतःवर चालवतात. इरफानच्या उस्तादांनी पोरांना दुसऱ्यांवर चालवायला शिकवला. इस्लाम दोघेही म्हणतात. एकाच्या दारात मी रडत गेले आणि मान वर करून परत आले. दुसऱ्याच्या पोरांनी माझ्या दारातून एका म्हातारीला खाली मान घालून पाठवलं. मला धर्मातलं एवढंच कळतं.

तिथून मी वहिनींकडे गेले. माफी मागितली. त्यांनी माझा हात दाबला. "अगं, तो बच्चा आहे. मोबाइल बघून दिमाग फिरतो सगळ्यांचा. माझा नातू काय कमी बोलतो का? तू टेन्शन नको घेऊ." मग त्या आत गेल्या, चहा घेऊन आल्या. कप माझ्यापुढे करता करता त्यांचा हात मधेच थांबला.

"चालेल ना?"

इतकी वर्षं त्यांच्या घरात मी भांडी धुतली, त्यांच्या बाळंतपणात सैपाक केला, त्यांच्या देवघरातला लाडू इरफाननं चोरून खाल्ला. हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी चार शब्द सुनावले असते. त्या खरोखर विचारत होत्या. न जाणो, हलिमाचंही काही व्रत बदललं असेल. मी चहा प्यायले. तोंड भाजलं तरी प्यायले.

इरफान आठवड्यात बायकोमुलीला घेऊन दुसरीकडे राहायला गेला. जाताना पाया पडला नाही, ते आमच्यात नाहीच, पण माझा हात डोक्याला लावून घ्यायचा, तेही केलं नाही. शुक्रवारी फोन करतो. तब्येत विचारतो. मी बरी आहे म्हणते. तो तौबा कर म्हणतो, मी मावशीची माफी माग म्हणते, आणि फोन बंद होतो. त्याच्या बापाची दुआ त्यानं सोडली, ती मी मागते. बापलेक दोघांसाठी एकदम मागते.

आणि तो कोंबडा? त्याला कोणी कापलाच नाही. वहिनी त्याला दुसरीकडे कुठे घेऊन गेल्या नाहीत. जगदाळ्यांचा दसरा दुकानातल्या मटणावर व्हायचा नाही, म्हणाल्या, आणि त्या वर्षी त्यांच्या घरात चूल गोडाचीच पेटली. कोंबडा अंगणात राहिला. खाऊन माजला. भिंतीवर चढून रोज पहाटे आरवतो, अजानच्या आधी. सगळी गल्ली हसते. वहिनींच्या सुनेनं त्याचं नाव राजा ठेवलं. इरफान जाईपर्यंतचे चार-सहा दिवस त्याच्या आवाजानंच फजरच्या, पहाटेच्या नमाजेला उठला. आमच्यात म्हणतात, कोंबडा आरवला की अल्लाकडे मागून घ्यावं. इरफाननं काय मागितलं, मला माहीत नाही.

या दसऱ्याला मी ठरवलं, त्या येणार नाहीत, आपण जायचं. सुरी घासली, कापडात गुंडाळली आणि गेले. वहिनी अंगणात बसल्या होत्या. मी म्हटलं, द्या कोंबडा.

"राजा? त्याला आता कोण कापणार गं. घरचा झाला तो." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "आम्ही सकाळी कोहळा कापला. सूनबाई बोलली, मम्मीजी, झंझट नको. वैसे देवीला कोहळाही चालतो. कोणाला तकलीफ नाही."

कोणाला तकलीफ नाही. त्यांनी माझी तकलीफ वाचवली होती. किती पिढ्या चाललेली रीत त्यांनी माझ्या घरातल्या एका वाक्यावर मोडली, आणि वर मलाच वाईट वाटू नये म्हणून हळू आवाजात सांगत होत्या. मी सुरी मांडीखाली सरकवली. राजा माझ्या पदराशी दाणे टिपत होता. वहिनींनी कोहळ्याच्या भाजीची वाटी आणली आणि पुढे करून विचारलं. तेच विचारलं.

हे सगळं मी आत्ता का लिहिते, तर गावाहून माझ्या भाच्याचा, युनूसचा फोन आला. माझा धाकटा भाऊ गेल्यापासून जत्रेची सुरी त्याच्याकडे आहे. तो म्हणाला, "आत्या, शहरातून एक जण येतो, पोरांना जमवतो. म्हणतो, देवीच्या बकऱ्याला हात लावाल तर इमानातून जाल. पाटील जत्रेचं विचारायला येणार. काय सांगू?"

युनूस, आणि माझ्यासारखे गाव सोडून मुंबईला, दुबईला, कुठे कुठे गेलेले तुम्ही सगळे, ऐका. सुरी उचलायची की ठेवायची, ते मी सांगणार नाही. चौथी शिकलेल्या बाईनं फतवे देऊ नयेत. जाणत्या माणसाला विचार, आणि ज्याला दुसऱ्याच्या मेलेल्या बापाचा निकाल लावायची घाई आहे त्याला विचारू नकोस. तुझ्या मनानं नाही म्हटलं तर नाही म्हण. पण पाटील दारात येईपर्यंत थांबू नकोस. आपण होऊन त्यांच्या घरी जा. बस, त्यांचं पाणी पी, त्यांच्या घरच्या म्हाताऱ्याची तब्येत विचार, मग सांग. आणि तू सांगत असताना तुझ्या मागे कोणी हसत असेल तर त्याला तिथेच उठव. माझ्या खोलीतले मी उठवले, पण उशिरा. वहिनी तोवर पायरी उतरल्या होत्या.

भाचरं फोनवर विचारतात, आत्या, तुझं घर कुठलं गं, साताऱ्याचं की इंदूरचं? पूर्वी मी हसून दोन्ही म्हणायची. जिथं पुढ्यात आलेलं ताट कोणी विचारल्याशिवाय देतं आणि आपण विचारल्याशिवाय खातो, ते घर. असं एक मी एसटीत बसून सोडलं. दुसरं मला कोणी बांधून दिलं नव्हतं, भिंतीपलीकडून मिळालं होतं, आणि ते माझ्याच उंबऱ्यावरून गेलं. कोणी दंगेखोर ते नेऊ शकला नव्हता.

मी आता रोज सकाळी वहिनींकडे जाते. गुडघे माझेही दुखतात, पण जाते. बसते, त्यांची मिलावटी मराठी ऐकते, राजाला दाणे टाकते. त्या चहा आणतात, मी हात आधीच पुढे करते, त्यांना विचारायला सवड मिळू नये म्हणून.

काल हात पुढे करूनसुद्धा त्यांनी विचारलं.